अंबक्काची पागा

अंबक्का, इकडं ये जरा. अशी जवळ बस, आणि तोंड फिरवू नकोस, मला तुला रागवायचंय. अगं, काही रीत असते की नाही? वाद असा अर्ध्यात टाकून कुणी उठून जातं का? आपलं बोलणं संपलं नव्हतं. मी तुझ्या कुवेंपुनगरातून बसमध्ये बसले ती उतरेपर्यंत मनात जुळवत होते, पुढच्या खेपेला हिला काय काय सुनवायचं ते. आणि तू मधल्या मधे, दुपारची कॉफी पिऊन, खुर्चीत टेकलीस आणि गेलीस. तुझी सून फोनवर म्हणाली, काही त्रास झाला नाही, झोप लागल्यासारख्या गेल्या. सगळे म्हणाले, पुण्यवान. मीही म्हटलं. पण मनातून काय वाटलं सांगू? वाटलं, आता ही हरायला आली होती, म्हणून पळाली.

तर ऐक. हरली कोण आणि जिंकली कोण, ते सांगायलाच तुला बोलावलंय. तू गेल्यावर आपल्या हॉलात बरंच काही झालं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.

हल्ली 'आपला हॉल' म्हटलं की पोरांना वाटतं लग्नाचा हॉल. म्हणून मी सगळ्यांना पहिल्यापासून सांगत बसते. मोहल्ल्याच्या टोकाची ती लांबच लांब इमारत. हातभर जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, उत्तरेला उंचावर काचा, आणि भिंतीत कमरेच्या खाली ओळीनं बसवलेल्या लोखंडी कड्या. आत रेशमी साड्यांचे माग. आधी हातमाग, प्रत्येक मागाखाली पाय सोडून बसायला खड्डा. मग वीज आली, खड्डे बुजवून वर फरशी घातली आणि विजेचे माग आले. तेव्हापासून आपण सगळ्या बायका मोठ्यानं बोलायला लागलो ते आजतागायत. माझा नातू म्हणतो, अज्जी, फोनवर ओरडतेस कशाला, फोन आहे की तो. त्याला काय सांगू, मी अजून मागांच्या वरताण बोलतेय म्हणून.

आणि त्या कड्या. त्या कड्यांनी आपलं अर्धं आयुष्य खाल्लं बघ.

तू म्हणायचीस, ही पागा होती. आपल्या पूर्वजांची. म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत आपले मराठे लोक घोडेस्वार होते, त्यांचे घोडे या कड्यांना बांधत. आता हे बघ, आपले लोक फौजेत होते हे मला मान्य. माझ्या सासरकडंही एक तलवार आहे, वर्षातून एकदा आयुधपूजेला कुंकू लावण्यापुरती. पण आपल्या लोकांची एक खोड आहे, अंबक्का, आणि तुझ्यात ती जरा जास्तच होती. म्हैसूरात कुठल्याही भिंतीत कडी दिसली की आपल्याला तिथं आपला घोडा बांधलेला दिसतो. देवळामागच्या भिंतीत कडी, घोडा. विहिरीच्या काठाला कडी, घोडा. एकदा तर तू त्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, पाळण्याच्या कडीकडं बोट दाखवून म्हणालीस, इथं पण असणार. मी म्हटलं, अगं ती छताला आहे. तर म्हणालीस, मग मागाहून वर नेली असेल.

माझं म्हणणं साधं होतं. इमारत बांधली ती मागांसाठीच. यजमानरुंच्या, म्हणजे आपल्या मालकांच्या, वडलांनी बांधली, आणि कड्या त्यांनीच बसवल्या, ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, लांब पसरताना दोर अडकवायला. मी स्वतः दोर अडकवलाय त्या कडीला. तू पण अडकवलायस. त्यावर तू काय म्हणायचीस? म्हणायचीस, घोडा गेल्यावर कडी रिकामी होती, म्हणून दोर अडकवला. तुझ्याशी बोलणं म्हणजे सुम्ने, उगीच, भिंतीवर डोकं आपटणं.

पण त्या हॉलात मला नेलं कुणी? तूच. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मला धड कन्नड येत नव्हतं, आणि आमच्या घरात सासूबाई आणि भिंतीवरचं घड्याळ सोडून बोलायला कुणी नव्हतं. त्यातलं घड्याळ बरं होतं, निदान टोले द्यायचं. तू एक दिवस दारात उभी राहिलीस आणि सासूबाईंना म्हणालीस, हिला मी घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते, डबा द्या. विचारलं नाहीस, सांगितलंस. सासूबाईंनी मुकाट डबा भरला. त्या कुणाला घाबरत नसत. त्यांचं तोंड उघडंच राहिलं म्हणून तू सुटलीस.

तू मला ताणा जोडायला शिकवलंस. हे पण पोरांना समजावून सांगावं लागतं. मागावरची साडी संपत आली की जुन्या ताण्याची टोकं तशीच ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका धाग्याला पिळून जोडायचा. गाठ नाही मारायची. बोटाला राख लावायची, दोन टोकं एकत्र धरायची, अंगठ्यानं पीळ द्यायचा, झालं. केसाहून बारीक धागे, हजारांनी. दोघी समोरासमोर बसायच्या, एक या काठाकडून, एक त्या काठाकडून, आणि मधे येऊन भेटायच्या. त्याला दिवस लागायचा. हात रिकामे नाहीत, डोळे रिकामे नाहीत, तोंड मात्र मोकळं. मग काय होणार? घोडे निघणार.

राखेवरून पण भांडलीस तू. मी आमच्या न्हाणीच्या बंबातली राख नेली, तर नाकाला पदर लावलास. गोवरीचीच पाहिजे, मऊ असते, रेशीम ओळखतं म्हणालीस. मी हसले. पण दुसऱ्या दिवशी तुझ्या पुरचुंडीतली राख लावून बघितली, आणि तेव्हापासून आमच्या घरात गोवऱ्या यायला लागल्या. हे मी तुला कधी बोलले नाही. तुला कळलंच असणार, तुझं नाक काय कमी होतं.

आणि ती साडी आठवते? त्या दिवशी काठाच्या धाग्यांच्या लडी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. मी माझ्या बाजूला हिरवा काठ जोडत गेले, तू तुझ्या बाजूला मरून रंगाचा जोडत गेलीस, आणि आपल्या दोघींचं एकमेकींच्या काठाकडं लक्षच नाही, कारण तू त्या दिवशी घोड्यांना दाणा कुठून घालत ते मला पटवून देत होतीस. विणकरानं वीतभर विणल्यावर हाक मारली. एका अंगाला हिरवा, दुसऱ्या अंगाला मरून. तू म्हणालीस, मरूनच सांगितलं होतं. मी म्हटलं, हिरवा. आपण दोघी तावातावानं यजमानरुंकडं गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि म्हणाले, पिवळा सांगितला होता.

देवमाणूस. रागावले नाहीत. गंगा-जमुना काठ म्हणून तीच साडी पुढं विणून घेतली, आणि ज्या घरी गेली त्या घरच्या बाईनं बहिणीसाठी आणखी एक तशीच मागितली. मग यजमानरुंनी आपल्याला बोलावून सांगितलं, आता परत तसंच भांडा. आपल्याला जमलं नाही. ठरवून भांडताच येईना.

मग ते सगळं संपलं. यजमानरु गेले, मुलं बेंगळुरूला गेली, माग एकेक करून कुणीतरी घेऊन गेलं. हॉलात आधी लग्नाच्या मंडपवाल्यानं खुर्च्या भरल्या. मग एका मास्तरांनी ट्यूशन चालवलं, पोरं पाढे म्हणायची तिथं आपला माग होता, पुढून तिसऱ्या खिडकीपाशी. मग कुलूप, आणि आत पारवे. पण तू दर आयुधपूजेला त्या बंद दाराला झेंडूचा हार घालायचीस. कुवेंपुनगराला राहायला गेल्यावरही रिक्षा करून यायचीस. मी म्हणायचे, माग नाहीत आत, पूजा कुणाची करतेस? तू म्हणायचीस, घोड्यांची. आणि हार मात्र मोठ्या दारातल्या त्याच छोट्या दिंडीला बांधायचीस, जिथून आपण वाकून आत शिरायचो.

तिथंच मला कळायला हवं होतं, की तुझा हार घोड्यांना नव्हता. पण माझ्या मनात एक काटा होता, अंबक्का. आता काढते तो. तुझ्या मुलाला बघायला बेंगळुरूचे पाहुणे आले होते. मी तुझ्याकडं चिरोटी तळायला आले होते. ओसरीवरून हॉल दिसायचा. पाहुण्यांनी विचारलं, ते काय मोठं? तू म्हणालीस, ती आमच्या पूर्वजांची पागा. मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, या कोण? तू म्हणालीस, शेजारीण.

शेजारीण होतेच की मी. खोटं काही नव्हतं त्यात. पण आपल्या दोघींच्या अंगठ्यांना एकाच जागी घट्टे होते, आणि तू तुझा हात पदराखाली घेतलास ते मी बघितलं. दोन चिरोट्या जास्त खाल्ल्या आणि घरी आले. सोयरीक जमली, सून लक्ष्मीसारखी मिळाली, चांगलंच झालं. तरी तो घोडा मला तेव्हापासून आवडेनासा झाला. वाटायचं, ही घोड्याच्या आड उभी राहते, म्हणजे मागावरची बाई कुणाला दिसायला नको.

म्हणून यजमानरुंची नात मेघना परत आली आणि म्हणाली की हॉल दुरुस्त करते, चार माग लावते, शिकायचं त्यांना शिकवते, तेव्हा मी फार खूश झाले. गोकुलमहून योगवाले परदेशी लोक पण येतील म्हणाली. त्यावर तू म्हणालीस, पाय मुडपून बसायला शिकायला जे समुद्र ओलांडून येतात, ते काय ताणा जोडणार. मेघना किती हसली होती. मग तिनं विचारलं, दाराशी पाटी लावायची आहे, या इमारतीत काय काय झालं ते दोन ओळींत लिहायचंय, तुम्ही दोघी सांगा. दोघी. दोन ओळी. त्या पोरीला काय माहीत आपलं.

तू म्हणालीस, 'मराठा घोडदळाची पागा', बस, दुसरी ओळ नको. तुझा भाऊ नागोजीराव तर मिशीला पीळ देऊन तयारच बसला होता, आपल्या समाजाच्या चार वडीलधाऱ्यांना त्यानं सांगूनही टाकलं. मी म्हटलं, घोडे कुणी बघितलेत? आपण तिथं जन्म घालवला ते लिहा, बायकांनी इथं रेशमाचं काम केलं असं लिहा. आणि तुझ्या गच्चीवर, आपल्या त्या शेवटच्या भेटीत, कॉफीचा लोटा खाली ठेवून तू मला म्हणालीस:

"बायकांनी काम केलं, हे काय पाटीवर लिहायचं, पद्दू? कुठल्या घरात करत नाहीत?"

मला उत्तर आलं नाही गं. तुझ्यापुढं मला नेहमी उत्तर बसमध्ये बसल्यावर सुचतं, आणि त्या दिवशी बसमध्येही सुचलं नाही. आणि मग तू गेलीस. तुझे दिवसवार झाले, मंडळी पांगली, आणि मी घरात ते वाक्य घेऊन बसले. पाटी काय, कशीही लिहितील. पण या प्रश्नाला उत्तर नसेल, तर मग तूच खरी. मग आपण तिथं काही केलंच नाही, नुसते दिवस काढले.

अशात एका सकाळी मेघनाचा फोन. अज्जी, फरशी उखडली, खालचे खड्डे साफ करताना नाल सापडले. मी म्हटलं, काय सापडले? नाल अज्जी, जनावरांच्या पायाला ठोकतात ते. खूप आहेत. आणि भिंतीलगत दगडी गव्हाण पण निघालीय.

अंबक्का, तू जिंकलीस. इतकी वर्षं मी तुला वेड्यात काढलं, आणि जमिनीखाली तुझी पागा होती. आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि खरं सांगते, त्या रडण्यात तुझ्या मरणाचं थोडं आणि माझ्या हरण्याचं जास्त होतं. हरायचं तर हरायचं, पण समोर कुणी नको का? तू असतीस तर महिनाभर मला पेढे मागितले असतेस.

नवी साडी नेसून गेले. हरायला जायचं तर नीट जावं. नागोजीराव आधीच आला होता, फेटा बांधून, बरोबर ते चार वडीलधारे. तुझी नात चैत्रा पण आली होती, हेब्बाळच्या कंपनीतून अर्धी रजा काढून, गळ्यात ते कंपनीचं कार्ड तसंच. मेघनानं एका घमेल्यात नाल धुऊन ठेवले होते. नागोजीरावानं भाषण सुरू केलं, हे बघा, आपल्या वाडवडिलांच्या घोड्यांच्या टापा. आणि एक नाल उचलला.

आणि थांबला.

दुसरा उचलला. उलटा केला. घमेल्यात हात घालून ढवळलं. सगळे तसेच. अर्धे अर्धे, चपटे, बोटभर लांब. घोड्याचा नाल कसा वाटोळा, एकसंध असतो. हे जोडीनं लावायचे तुकडे. दुभंगलेल्या खुराचे.

नागोजीराव लहानपणी मंडीत बैलांना नाल ठोकताना बघत तासन् तास उभा राहायचा, तूच सांगायचीस. त्याला न कळून कसं चालेल. बिचाऱ्याचा चेहरा बघवेना. हळूच म्हणाला, "बैलाचे आहेत."

वर पारवे घुमत होते. मी तोंडात पदर कोंबला, अंबक्का. बैल. तुझी पागा बैलांची. आणि माझ्या कड्या पण बैलांच्याच, यजमानरुंच्या वडलांनी बसवलेल्या नव्हेत. इतकी वर्षं तू घोडा घोडा करत होतीस, मी दोर दोर करत होते, आणि बैल जमिनीखालून ऐकत होते.

मग त्या वडीलधाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, तर मग पाटीवर नुसतं 'प्राचीन इमारत' लिहा. साकु, पुरे तेवढं. बैलांचं कशाला? मी म्हटलं, आणि मागांचं? ते म्हणाले, मागांचं काय, ते तर कालपरवाचं. नागोजीरावानं पण मान हलवली. म्हणाला, पद्माक्का, तसं आपल्या घरच्या बायका कामाला जात होत्या हे गावभर लिहून काय मिळवायचंय? आमच्या अक्कालाही ते आवडलं नसतं.

आणि बघ, तुझंच वाक्य तो बोलत होता. मी काय म्हणणार? तू म्हणाली होतीसच.

तेव्हा चैत्रा बोलली. तुला माहीतच आहे तिचं मराठी, चार शब्द आपले, दोन कन्नड, एक इंग्लिश. पण हे तिनं सगळं मराठीत सांगितलं, थांबून थांबून, परीक्षेला बसल्यासारखं.

"नागूअज्जा, घोडा कुणी बघितला नाही. माझ्या अज्जीला मी बघितलंय. माझी अज्जी इथं काम करत होती. ते लिहा."

नागोजीराव म्हणाला, तुला काय माहीत तिचं काम? ती पोर तिथंच मागापाशी गेली. मेघनानं कुठूनसा जुना माग आणून उभा केलाय, त्यावर जुन्या ताण्याची टोकं लोंबत होती, नवा ताणा गुंडाळून शेजारी. जोडणारी बाई मिळत नव्हती म्हणून तो तसाच पडून होता. चैत्रानं चप्पल काढली, खाली बसली, आणि म्हणाली, पद्माज्जी, राख आहे?

राख नव्हती. मेघनानं देवापुढचा विभूतीचा डबा आणला. चैत्रानं बोटाला लावली, दोन टोकं धरली, आणि अंगठ्यानं पीळ दिला. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसरा बसला. ओढून बघितला आणि च्यक् केलं. अंबक्का, ते तुझं च्यक् होतं. धागा बसला की तू करायचीस ते. जग काम बिघडल्यावर च्यक् करतं, तू जमल्यावर करायचीस.

मी विचारलं, कुणी शिकवलं तुला? तर म्हणाली, शाळेतून घरी आले की मम्मी-पप्पा ऑफिसात. अज्जी जुन्या साडीचा पदर उसवायची, धागे दोन खुर्च्यांना बांधायची, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. मी म्हटलं, अगं मग कुणाला बोलली नाहीस कशी? तिनं मान वर न करता सांगितलं, "अज्जी सांगू नको म्हणाली नव्हती. कुणी विचारलंच नाही."

तिथं मला उत्तर सापडलं, अंबक्का. बसमध्ये नाही, रात्री पडल्यावर नाही, तिथंच, सगळ्यांच्या देखत. मी नागोजीरावाला म्हटलं, बाबा, तुझी अक्का मला विचारून गेली की बायका कुठल्या घरात काम करत नाहीत. करतात. सगळ्याच करतात. म्हणूनच कुणी विचारत नाही. एका दारावर लिहिलेलं असलं, तर जाता-येता कुणीतरी विचारेल.

त्यानं फेट्याचा शेव हातात घेऊन नीट केला. मग म्हणाला, अक्काचं नाव घालणार का? मी म्हटलं, घालणार. म्हणाला, मग पूर्ण घाला, अंबुजाबाई घाला, नुसतं अंबू नको.

तर पाटी ठरली. आधी इथं बैल बांधत, मग इथं रेशीम विणलं गेलं, आणि ज्या बायकांनी कांड्यांवर रेशीम भरलं, ताणे जोडले, त्यांची आठवतील तेवढी नावं. मराठी, कन्नड, इंग्लिश, तिन्ही भाषांत. पहिलं नाव कुणाचं यावर वाद नको म्हणून मेघना म्हणाली, अक्षरांच्या क्रमानं घालू. म्हणजे तिन्ही भाषांत तूच पहिली. मी हरकत घेणार होते, पण घेतली नाही.

आणि नागोजीरावाची काळजी करू नकोस. दोन दिवस पडून राहिला, तिसऱ्या दिवशी मला फोन. पद्माक्का, मी विचार केला. घोडे काय, नुसते पळतात. तोफा कोण ओढायचं? बैल. बैल नसते तर फौज जाग्यावरून हलली नसती. आता तो भेटेल त्याला सांगतोय की आपले पूर्वज तोफखान्याच्या बैलांवर होते. परवा भाजीवाल्याला सांगत होता. आपल्या लोकांना काय गं, घोडा नाही तर बैल, पण कडी रिकामी ठेवायची नाही.

मी आणि चैत्रा आता दर रविवारी हॉलात बसतो. ती आपल्या स्कूटरवरून मला नेते, हेल्मेट घालायला लावते, त्यात माझा अंबाडा मावत नाही. ती तुझ्या काठाकडून येते, मी माझ्या काठाकडून. तुझी तिला किती आठवण येते ते ती बोलत नाही, मीही बोलत नाही, धागे तुटतात. काठ कुठला ते मात्र आम्ही आधी तीनदा विचारून घेतो. गोकुलमची एक उंच बाई येऊन बघत बसते, छान पाय मुडपून. जोडू दिलं तिला थोडं. बरं जोडते, तुझं म्हणणं खोटं ठरलं तिथं.

तुझ्यावरचा राग माझा गेला, अंबक्का. त्या पाहुण्यांसमोर तू हात पदराखाली घेतलास, पण नातीपुढं काढलास की बाहेर. मला तेवढं पुरे. आणि खरं म्हणजे आभारच मानायचे होते तुझे, त्या दिवशी डबा भरून घेऊन मला घराबाहेर काढलंस त्याचे. ते जिवंतपणी बोलायचं राहिलं. आपल्यात आभार मानायची पद्धत कुठं आहे. मानले असते तर म्हणाली असतीस, काय गं, बरी आहेस ना.

पण एक गोष्ट राहिलीय, आणि ती मी सोडणार नाही. गेल्या रविवारी जोडता जोडता चैत्रा सहज बोलून गेली, अज्जी सांगायची, हॉलात सगळ्यात चपळ हात माझा. मी म्हटलं, हो, होताच. तर पुढं म्हणाली, पद्मा पण चांगली होती म्हणायची अज्जी, पण हळू.

हळू? मी? अगं, मधल्या खुणेपर्यंत आधी कोण पोचायचं, आठव जरा. तू पोचायचीस कधी कधी, मान्य आहे, पण ते माझ्या बाजूला उजेड कमी होता म्हणून. आणि हे तू त्या पोरीला लहानपणापासून सांगून ठेवलंस, मला कळू न देता, आणि आता ती माझ्या हाताकडं बघून हसते. मी तिला कितीही सांगितलं तरी ती तुझंच खरं मानणार.

तेव्हा आता पुरे झालं तुझं तिकडचं. आयुधपूजेला हॉल उघडतोय, मागांना हार घालायचेत, कोहळा फोडायचाय. मेघनानं दोन्ही दारं सताड उघडी ठेवायचं कबूल केलंय, तुला वाकून शिरायला नको. स्वप्नात वगैरे येऊ नकोस, मला झोप आधीच कमी. दिवसाउजेडी ये, जेवूनखाऊन सावकाश बसायला ये, आणि मी हळू होते हे त्या पोरीसमोर माझ्या तोंडावर म्हणून दाखव. लवकर ये गं, अंबक्का. वाट बघते.